डाय-कट फुलांचं भेटकार्ड: चपट्या फुलात जीव कसा आणायचा

डाय-कट मशीन, म्हणजे धारदार साच्यानं (डायनं) कागद दाबून आकार कापणारं मशीन, हातात आलं की पहिली कार्डं बहुतेकांची सारखीच होतात, सुबक कापलेली फुलं, ओळीनं चिकटवलेली आणि सगळी चपटी. डाय फक्त फुलाची कड कापून देते, फूल करायचं काम त्यानंतर हातानंच होतं आणि खरी मजा तिथेच आहे. म्हणून मशीन कुठलं घ्यावं यावर फार डोकं खर्च करू नका, हँडल फिरवायचं साधं मशीन, ज्यातून ए-फाइव्ह कागद आरामात जातो, ते कार्डांसाठी भरपूर झालं.

कागदावर मात्र डोकं लावा. कार्डाच्या बेसला २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे जाडीचा अंदाज) आणि फुलांना १२० ते १६०, यापेक्षा जाड कागदाच्या पाकळ्या वळत नाहीत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात शीट घेताना रंग नुसता वरून बघू नका, शीटची कड बघा, आत पांढरा थर दिसला तर कापल्यावर प्रत्येक पाकळीला पांढरी रेघ येणार. शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, १९४० पासूनची, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद बेससाठी फार सुंदर दिसतो, पण असा कागद बारीक नक्षीच्या डायला देऊ नका, धागे लांब असतात त्यामुळे कडा केसाळ निघतात.

आता बेस. ए-फोर शीट मधोमध आडवी कापा, म्हणजे २१० बाय १४८ मिमीचे दोन तुकडे होतात, त्यातला एक दुमडला की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार. दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघा, ज्या दिशेला तो सहज वाकतो तिथेच घडी घालायची, उलट्या दिशेला घातली तर घडीवर कागद तडकतो आणि गडद रंगात ते लगेच दिसतं. घडीच्या जागी स्टीलची पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं एक रेघ ओढली की घडी सरळ बसते.

कापताना खाली प्लॅटफॉर्म, त्यावर कटिंग प्लेट, मग कागद, कागदावर डाय धारेची बाजू खाली करून, आणि वरून दुसरी प्लेट. मशीनप्रमाणे यात थोडा फरक असतो, मशीनसोबत आलेल्या चित्रात एकदा बघून घ्या. बारीक नक्षी असेल तर डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा, फूल डायमध्ये अडकत नाही, अलगद सुटून येतं. प्लेट दरवेळी उलटसुलट करत जा नाहीतर ती एका बाजूला वाकते, आणि काही ठिकाणी कापलंच गेलं नाही तर जोर लावून हँडल फिरवण्यापेक्षा खाली साध्या कागदाचा एक जास्तीचा थर द्या.

फूल घडवायला महागडी टूल्स लागत नाहीत. जुना माउस पॅड आणि गोल टोकाचं काहीही, बॉल टूल नसेल तर क्रोशाच्या सुईचा मागचा भाग चालतो. पाकळीच्या मध्यावर छोटे छोटे गोल फिरवत दाबत राहा, कागद हळूहळू ताणला जातो आणि पाकळी स्वतःहून वर उचलली जाते. मग फूल उलटं करून फक्त टोकं दाबा म्हणजे ती बाहेर झुकतात. पावसाळ्यात पुण्यातल्या हवेनं कागद मऊ झालेला असतो, तेव्हा हात हलका ठेवा, आणि उन्हाळ्यात तो कडक होतो तेव्हा आधी मागून ओल्या स्पंजचा नुसता स्पर्श द्या. शेवंती करायची असेल तर डेझीच्या डायनं तीन-चार आकारांची फुलं कापा आणि एकावर एक ठेवताना प्रत्येक थर थोडा फिरवा, खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीत वरची पाकळी आली पाहिजे, सगळा भरगच्चपणा त्यातूनच येतो.

बाजारातल्या डाय बहुतेक गुलाब आणि डेझीच्या, पण मला कार्डावर प्राजक्त सगळ्यात आवडतो आणि तो छोट्या पाच-सहा पाकळ्यांच्या साध्या डायमधून होतो. पांढरं फूल कापायचं, चिमट्यानं प्रत्येक पाकळीला एकाच दिशेनं किंचित पीळ द्यायचा, मध्ये केशरी रंगाचा ठिपका. मग तीन मिमी रुंदीची केशरी पट्टी सुईवर गुंडाळून देठ करा आणि दोन-तीन फुलं मुद्दाम पालथी लावा, देठ वर. सकाळी झाडाखाली सडा पडतो तेव्हा कितीतरी फुलं तशीच पडलेली असतात, त्या पालथ्या फुलांशिवाय प्राजक्त ओळखूच येत नाही.

चिकटवण्याआधी आतला मजकूर लिहून घ्या, फुलं लावल्यावर कार्ड सपाट टेकत नाही आणि अक्षर बिघडतं. फेविकॉल टूथपिकनं घ्यायचा, एकच थेंब, तोही फुलाच्या मध्यभागी, पाकळ्या मोकळ्याच राहू द्या. जास्त लावला तर त्यातल्या पाण्यानं कागद सुरकुततो. मोठं फूल फोम टेपवर (दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड टेप) उचलून, छोटी थेट कागदावर, पानं शेवटी फुलांच्या खाली सरकवायची, आणि फुलं एका कोपऱ्यात दाट करून बाकी जागा मोकळी सोडा, ती भरायचा मोह होतोच पण सोडा.

या मापाला सी-सिक्स पाकीट लागतं, ११४ बाय १६२ मिमीचं. हातोहात द्यायचं असेल तर फुलं हवी तेवढी उंच करा, पोस्टानं किंवा कुरियरनं जाणार असेल तर दोनच थर ठेवा, फुलांच्या उंचीएवढी पुठ्ठ्याची चौकट कापून कार्डावर ठेवा आणि मगच पाकिटात सरकवा, त्यासाठी पाकीट एक माप मोठं घ्या.