काखेतले केस काढल्यावर आग होते? आधी डिओ बाजूला ठेवा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या पुढे जातो. सकाळी घाईत रेझर फिरवून, वर डिओ मारून बाहेर पडलं की दुपारच्या आतच काख चुरचुरायला लागते. दोष ब्लेडला दिला जातो, पण खरवडलेल्या कातडीला सावरायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून केस रात्री, झोपण्याआधी काढा.

केस लांब असतील तर आधी कात्रीने आखूड करा. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवा, मग शेव्हिंग जेल लावा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस धड होत नाही, उलट पांढरट साका कातडीवर बसतो; तिथे साबणावर भागवू नका. हात डोक्यामागे न्या, म्हणजे खळगा ताणला जाऊन सपाट होतो. इथले केस एका दिशेने वाढत नाहीत, वरचे वर आणि खालचे खाली वळतात. बोटाने चाचपून दिशा बघा आणि रेझर तसाच, न दाबता फिरवा. एकाच जागी दोनदा पुरे. पाच-सात वेळा वापरलेलं ब्लेड टाकून द्या. केस ओढले जायला लागले तर त्याआधीच.

नवा करकरीत टर्किश टॉवेल आपल्या गावची शान खरी, पण काखेत तो घासू नका, नुसता टिपा.

आग होतच असेल तर गार पाण्यात भिजवलेला सुती रुमाल ५ ते १० मिनिटं ठेवा, मग कॅलामाइन किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. तुरटीने रक्त थांबतं, आग नाही. लिंबू आणि खायचा सोडा तर लांबच ठेवा. डिओ २४ तास नको. घाम रोखणाऱ्या काही रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड असतं. ओल्या कातडीवर त्यातून आम्ल तयार होतं, म्हणून काख पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा.

मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची ट्यूब’ मनाने लावू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये जोरदार स्टिरॉइड असतं. काखेची कातडी पातळ, त्यात घडीत झाकलेली, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं आणि कायमचे व्रण उमटू शकतात. खाज गजकर्णाची असेल तर ते आणखी पसरतं.

आत वळलेला केस सुईने उकरू नका. तो वर येईपर्यंत रेझर बंद. पुवाच्या पुटकुळ्या, गरम दुखरी गाठ किंवा ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्याच जागी पुन्हापुन्हा गाठी येत असतील तर तो वेगळा आजार असू शकतो, नुसतं ब्लेड बदलून तो जात नाही.