पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्याच्या डेटावर काम करताय? या चुका टाळा

अन्य क्षेत्रांतून पर्यावरण व सार्वजनिक आरोग्याकडे वळणाऱ्या डेटा सायंटिस्टची पहिली चूक बहुधा मॉडेलमध्ये नसते. समोरचा आकडा कोणी, कशाने आणि केव्हा मोजला हे न विचारताच तो कामाला लागतो.

हवेतील सूक्ष्मकणांचेच पाहा. प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत पीएम २.५ ची (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची) पातळी अनेकदा वाढवून दाखवतात, कारण पाणी शोषून कण फुगतात. म्हणून पहाटे प्रदूषण चढलेले दिसले, तर कारणमीमांसा करण्यापूर्वी त्या वेळची आर्द्रता तपासावी आणि जवळच्या प्रमाणित उपकरणाच्या नोंदींशी आकडे ताडून पाहावेत. पाण्याच्या तपासणीतील ‘मापनमर्यादेखाली’ या नोंदीच्या जागी शून्य भरणे ही याहून फसवी चूक आहे. पदार्थ पाण्यात नव्हता असे ती नोंद सांगत नाही. त्याचे प्रमाण खात्रीने मोजता आले नाही, एवढेच सांगते. मर्यादेची निम्मी किंमत भरण्याची जुनी रीत अशा नोंदी मोजक्या असतील तर निभावते. त्या पुष्कळ असतील, तर ‘सेन्सर्ड’ डेटासाठीच्या, म्हणजे नेमकी किंमत नव्हे तर फक्त मर्यादा ठाऊक असलेल्या नोंदींसाठीच्या, संख्याशास्त्रीय पद्धतींना पर्याय नाही.

मॉडेलची अचूकता संशय यावा इतकी चांगली निघाली, तर मॉडेलला शिकवण्यासाठीचा आणि चाचणीसाठीचा डेटा कसा विभागला ते तपासावे. शेजारच्या हवा-मापन केंद्रांची हवा बरीचशी सारखी असते, त्यामुळे नोंदी या दोन भागांत यादृच्छिकपणे वाटल्या की चाचणीतील उत्तरे मॉडेलला जवळपास आधीच ठाऊक असतात. संपूर्ण केंद्रे किंवा सलग कालखंड बाजूला ठेवून पुन्हा चाचणी घ्यावी; अचूकता घसरेल, पण ती खरी असेल.

शेवटच्या आठवड्यात रुग्णसंख्या घटलेली दिसणे हा पुष्कळदा नोंदी उशिरा पोहोचण्याचा परिणाम असतो. साथ ओसरल्याचे त्यावरून जाहीर करू नये. वयोरचना वेगळी असलेल्या दोन प्रदेशांचे मृत्युदर वयानुसार प्रमाणित केल्याशिवाय (म्हणजे एकाच वयोरचनेवर आणल्याशिवाय) शेजारी मांडू नयेत, हे तर पाठ्यपुस्तकातच असते, तरीही ते राहून जाते. प्रदेशाच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्यातला धोका समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिला होता.

मोठ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. इंटरनेटवरील शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारा ‘गूगल फ्लू ट्रेंड्स’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. २०१२-१३ च्या हंगामात त्याचे अंदाज फार चढे निघाले आणि २०१५ मध्ये ते प्रसिद्ध करणे थांबले. लोक काय शोधतात आणि लोकांना काय झाले आहे, यांतील अंतर केवळ डेटा वाढवून मिटत नाही.

नोकरीसाठी कामाचे नमुने दाखवताना बरेच उमेदवार नकाशे आणि आलेख पुढे करतात. माझ्या मते, कोणत्या नोंदी वगळल्या, का वगळल्या आणि त्या ठेवल्या असत्या तर निष्कर्ष किती बदलला असता, याचे एक पान त्यांहून मोलाचे ठरते. ते लिहिताना एखाद्या साथरोगतज्ज्ञाला प्रश्न विचारावेच लागतात. हे प्रश्न विश्लेषण संपल्यावर नव्हे, सुरू करण्यापूर्वी विचारावेत.