घराण्यातला कॅन्सर आणि जनुकीय चाचणी: या चुका टाळा

कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण पाच ते दहा जणांचाच आजार आनुवंशिक असतो. म्हणजे जिल्हा रुग्णालयात सरसकट सगळ्यांची चाचणी करायची गरज नाही. कोणाची करायची, एवढं नीट ठरवायचं. त्याला यंत्र लागत नाही, कागद-पेन आणि अर्धा तास लागतो. तो अर्धा तासच कोणी देत नाही.

सगळ्यात मोठा घोळ वंशावळ विचारताना होतो. बाईबरोबर नवरा नाहीतर सासू आलेली असते. "घरात कुणाला कॅन्सर होता?" "नाही हो." हे उत्तर सासरचं! विचारायचं माहेरचं, आणि तेही आई-मावशीवर थांबायचं नाही. बीआरसीए या जनुकात दोष असला की स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. त्यामुळे आत्या, वडिलांची आई, चुलत बहिणी यांचीही चौकशी हवी. तिच्याशी एकटीशी बोला, तिथूनच माहेरी फोन लावून घ्या. "पिशवीचा कॅन्सर होता" असं कळलं तर नेमका गर्भाशयमुखाचा की अंडाशयाचा, हे बघायला जुने कागद मागवा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शिवाय अंडाशयाच्या कॅन्सरची रुग्ण असेल, तर घरात दुसरं कुणी नसलं तरी चाचणी सुचवावी. वंशावळ काढायला प्रशिक्षित नर्स पुरते.

दुसरी चूक पैशाची. घाबरून आधी धडधाकट मुलीची चाचणी करतात. घरातला दोष कोणता हेच माहीत नसेल, तर तिच्या "निगेटिव्ह" रिपोर्टवर विसंबता येत नाही. आधी रुग्णाची करा. ती फार आजारी असेल तर संमती घेऊन रक्ताचा नमुना तरी जपून ठेवा. दोष सापडला की बहीण-भाऊ, मुलं यांची फक्त त्या एका दोषासाठी तपासणी पुरते आणि ती बरीच स्वस्त पडते. प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी. भावांना वगळू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांची मात्र बीआरसीएसाठी घाई नको.

रिपोर्ट नुसता व्हॉट्सॲपवर पाठवणं तर टाळाच. त्यात "अर्थ अनिश्चित" असा बदल लिहिलेला असला, तर त्यावरून शस्त्रक्रिया ठरवायची नसते. भारतीयांची जनुकीय माहिती जगाच्या साठ्यात कमी असल्यामुळे असे रिपोर्ट आपल्याकडे जास्त येतात. पुढे त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. रिपोर्ट समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक गावात नसला तर व्हिडिओ कॉलवर बोलणं होऊ शकतं. नमुना कुरिअरने जातो, दर वेळी माणसानं मुंबई गाठायला हवी असं नाही.

आणि दोष सापडल्यावर "इथे काय करणार?" म्हणून फाइल बंद करू नका. स्तनांच्या एमआरआयसाठी शहरात जावं लागेल, हे खरं. पण अंडाशयाचा कॅन्सर सोनोग्राफीत वेळेवर सापडेल याचा भरवसा नसतो, म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० व्या वर्षी, अंडाशय आणि गर्भनलिका काढण्याचा सल्ला देतात. ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. फक्त काढलेल्या नलिका बारकाईनं तपासायला पॅथॉलॉजीकडे पाठवा.