फॉस्जीन हाताळताना या चुका टाळा

"वास आला की बाहेर पळू," असं म्हणणाऱ्या पोराला मी त्या दिवशी फॉस्जीनच्या कामाला लावत नाही. आठ तासांच्या पाळीसाठी या विषारी वायूची मर्यादा ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग. नाकाला तो कळेपर्यंत ती कितीतरी पट ओलांडलेली असते. वासही ताज्या कापलेल्या गवतासारखा, त्याची कुणाला भीती वाटत नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मंगळवेढ्याकडचा पोरगा ट्रायफॉस्जीन, म्हणजे फॉस्जीन सोडणारा घन पदार्थ, वापरत होता. मे महिना, दुपार. मला म्हणाला, "सर, बाहेर कुणी कडवळ कापतंय का?" सोलापुरात मे महिन्यात हिरवं कडवळ कुठलं! दंडाला धरून त्याला बाहेर काढला. हूडची, म्हणजे वायू ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच वर होती आणि फॉस्जीन लागलं की रंग बदलणारा बॅज खिशात. पोरगा म्हणे, घसा जरा खवखवतोय, मोटरसायकलवर घरी जातो. मी जाऊ दिलं नाही. फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी; तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि श्रम केले तर त्रास वाढतो. दवाखान्यात झोपवून ठेवला. रात्री अकराला धाप लागली. ऑक्सिजन उशाशी होता म्हणून निभावलं.

ट्रायफॉस्जीन पांढरं, घट्ट, तराजूवर मोजता येतं, म्हणून घाईतल्या पोरांना ते निरुपद्रवी वाटतं. त्याच्या एका रेणूतून फॉस्जीनचे तीन रेणू निघतात, आणि अमाईनचा (नायट्रोजनयुक्त रसायनाचा) अंश लागला तरी सुरुवात होते. अमाईनला वापरलेला चमचा त्यात घालणाऱ्याला मी लॅबबाहेर काढतो. सगळी मांडणी झाल्यावरच बाटली उघडायची.

जुनं क्लोरोफॉर्म खिडकीत ठेवू नका. उजेड आणि हवेनं त्यातही फॉस्जीन बनतं; म्हणून तर त्यात थोडं इथेनॉल घालतात. तारीख उलटलेली बाटली मी वापरत नाही, किंमत कितीही असो.

क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटच्या वाफेजवळ वेल्डिंग नको, त्या उष्णतेनंही फॉस्जीन बनतं.

पंखा छताला लावून भागत नाही. हा वायू हवेच्या साडेतीन पट जड, जमिनीलगत साचतो. पळायचं ते वाऱ्याच्या उलट दिशेला आणि उंचावर.

पॉलीकार्बोनेट प्लास्टिक, पॉलियुरेथेन फोमला लागणारी आयसोसायनेट रसायनं, कीटकनाशकं या वायूविना अडतात, हे मला मान्य. भोपाळला १९८४ साली सुटलेलं मिथाइल आयसोसायनेटही फॉस्जीनपासूनच बनायचं. म्हणून स्क्रबरमध्ये, म्हणजे सुटलेला वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रात, नुसतं पाणी भरून वेळ मारून नेणारे मला खपत नाहीत. पाण्यात हा वायू सावकाश विघटित होतो, कॉस्टिक सोड्याचं द्रावणच लागतं. त्याची ताकद मी रोज सकाळी स्वतः टायट्रेशन करून, म्हणजे मोजून आम्ल घालून, बघतो, मगच रिअॅक्टरकडे वळतो.