फ्लीटवूड मॅकचा सुरुवातीचा ब्लूज डग्ग्याच्या बाजूने ऐका

मी ठाण्याच्या नौपाड्यात तबला शिकवतो आणि आठवड्यातून तीन दिवस वाशी लोकलने कोपरखैरण्याच्या क्लासला जातो. ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकाराची गोडी मला भाच्याने लावली. आता विद्यार्थीच विचारतात, "सर, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, फ्लीटवूड मॅक या ब्रिटिश बँडच्या पहिल्या तबकडीपासून.

सगळ्यात आधी फोनचा स्पीकर बंद करा. त्यावर तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा तीक्ष्ण आवाज, तेवढी वाजते आणि डाव्या हाताचा घुमणारा डग्गा गायब होतो. बेस गिटारचंही तेच होतं. साधे वायरवाले इयरफोन चालतील, पण कानात घट्ट बसले पाहिजेत, कारण या बँडचं नावच साथीदारांवरून पडलंय.

पीटर ग्रीन हा जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडमध्ये एरिक क्लॅप्टनच्या जागी आलेला गिटारवादक. मेयॉलने त्याला स्टुडिओतला वेळ भेट दिला. त्या वेळात ग्रीनने ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांच्याबरोबर एक गत वाजवली आणि तिला त्या दोघांचंच नाव दिलं, 'फ्लीटवूड मॅक'. १९६७ मध्ये स्वतःचा बँड काढला तेव्हाही तेच नाव ठेवलं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता, मेयॉलकडचा बांधलेला पगार सोडायला तो तयार नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ ला विंडसरच्या महोत्सवात बँड पहिल्यांदा लोकांसमोर वाजला, तेव्हा बेसवर बॉब ब्रनिंग होता. मॅकव्ही काही आठवड्यांनी आला. मी तीस वर्षं साथ करतोय. पत्रिकेवर तबल्याचं नाव खाली, बारीक अक्षरात असतं. या मुलाने मात्र ते थेट पाटीवर लिहिलं. हे कळलं त्या दिवसापासून पीटर ग्रीन मला घरचा वाटतो.

आता मोजायला बसा. पेटी असेल तर समोर घ्या. ब्लूजचा नेहमीचा फेरा बारा बारांचा, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. पहिले चार बार षड्जावर, मग दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर, एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर. काही वेळा दुसऱ्याच बाराला मध्यमावर जाऊन परत येतात, तेव्हा गोंधळू नका. प्रत्येक मात्रेच्या पोटात बहुधा तीन तुकडे असतात, हे मात्र लक्षात ठेवा. पहिल्या तबकडीतलं 'मेरी गो राउंड' लावा. लय इतकी संथ आहे की हातावर टाळी देत फेरा मोजता येतो. एकदा गिटारकडे अजिबात लक्ष न देता नुसता बेस मोजा. दुसऱ्यांदा गिटार ऐका. ग्रीन दोन ओळींच्या मधे किती जागा मोकळी सोडतो, ते तेव्हाच कळेल. चांगली साथ मागे असल्याशिवाय असं थांबायचा धीर होत नाही.

ही तबकडी फेब्रुवारी १९६८ मध्ये ब्लू होरायझन या कंपनीने काढली, निर्माता माइक व्हर्नन. सगळी मिळून सुमारे ३५ मिनिटांची. ठाण्याहून गाडी सुटताना लावली की वाशी येता येता संपत येते. बँडचा दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर, त्याची गाणी लगेच ओळखू येतात. तो बोटात नळी घालून ती तारेवरून सरकवतो, विचित्रवीणेवर काचेचा बट्टा सरकतो तशी. ही ढब त्याने एल्मोर जेम्स या अमेरिकी ब्लूज गिटारवादकाची उचलली आहे आणि तीच तो पुन्हा पुन्हा वापरतो. मला त्यातलं 'शेक युअर मनीमेकर' पुरेसं वाटतं, बाकीची पुढे ढकलली तरी चालतील. 'लाँग ग्रे मेअर' मात्र सोडू नका. त्यात बेस ब्रनिंगचा आहे. लगेच मॅकव्हीचं एखादं गाणं लावा आणि दोन साथीदारांचे हात ताडून बघा.

मग 'आय लव्ह्ड अनदर वुमन' आणि त्याला जोडून मार्च १९६८ चं 'ब्लॅक मॅजिक वुमन' ऐका. हे दुसरं गाणं बरेच जण गिटारवादक कार्लोस सांतानाचं समजतात. त्याने ते १९७० मध्ये घेतलं, मूळ रचना ग्रीनची. एकाच मातीतून दुसरं गाणं कसं वर आलं, ते असं सलग ऐकल्यावर कानाला कळतं.

'अल्बट्रॉस' शेवटी ठेवा. डॅनी कर्वन हा तिसरा गिटारवादक १९६८ च्या ऑगस्टमध्ये आला, त्यानंतरचं हे ध्वनिमुद्रण. जानेवारी १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाणारं कुणी नाही. फ्लीटवूडने नेहमीच्या काड्या ठेवून मऊ गोळ्यांच्या काठ्या घेतल्या आहेत, त्यामुळे ड्रम टणटणत नाही, नुसता घुमतो. डग्ग्यावर खुला 'घे' हा बोल मारून मनगट न दाबता तो विरू दिला, की हाताखाली जे जाणवतं ते हेच. ऐकताना डग्गा मांडीशी घ्या आणि त्या घुमण्याबरोबर एकेक 'घे' सोडून बघा.