ॲक्शन टायटल्स करताय? या चुका टाळा

नवीन मुलगा टायटल्स, म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीची नामावली, करायला बसला की आधी ठिणग्या, धूर आणि लेन्स फ्लेअरचं फोल्डर उघडतो. संगीत आलेलं नसतं, नावांची यादी आलेली नसते, पण ठिणग्या उडायला लागलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टेम्प म्युझिकवर, म्हणजे खरं संगीत येईपर्यंत लावलेल्या तात्पुरत्या तुकड्यावर, ॲनिमेशन पक्कं करणं. ही मीसुद्धा केली आहे. एका मराठी ॲक्शनपटाची दीड मिनिटाची टायटल्स होती. एडिटरने खाली कुठला तरी ट्रेलरचा तुकडा टाकला होता, १२० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, सरळ चार मात्रांचा. सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर १२० म्हणजे बरोबर १२ फ्रेमला एक ठोका. हिशोब इतका गोड की मी दर ९६ फ्रेमला, म्हणजे दर आठ ठोक्यांना, एक काच फोडून त्यातून एक नाव आणलं. बावीस नावं, बावीस काचा, सगळं सिम्युलेशन रेंडर करून मोकळा!

मग खरा ट्रॅक आला. वेग तोच, पण हलगी पाच मात्रांत वाजत होती. धी ना धी धी ना. आमची अक्षरशः पाचावर धारण बसली. पहिली काच समेवर, त्यानंतर सम गाठायची ती थेट सहाव्या नावाला. मधले चार कलाकार भलत्याच मात्रेवर फुटत होते. बरं, संगीतकाराला बोलायची सोय नाही, ट्रॅक झकास होता. पुढच्या दोन रात्री बावीस काचा पुन्हा फोडल्या.

पाच मात्रांचं हे खूळ आपल्याकडचंच आहे असंही नाही. संगीतकार लालो शिफ्रिनची ‘मिशन: इम्पॉसिबल’ या अमेरिकन टीव्ही मालिकेची १९६६ची धूनही पाचातच आहे. त्या मालिकेच्या टायटल्समध्ये इफेक्ट म्हणाल तर एक पेटती वात आणि झरझर येणारे शॉट्स.

आता मी संगीतकाराला आधी फोन करतो. मात्रा किती, वेग किती, एवढंच विचारतो. नुसता क्लिक ट्रॅक, म्हणजे फक्त ठोक्यांची टिकटिक, मिळाला तरी पुरतो. तोवर काळ्यावर पांढरी नावं. ‘काहीतरी हलवून दाखव ना’ म्हणणाऱ्या निर्मात्याला चहा पाजायचा.

दुसरी चूक माझ्या डोक्यातच जाते. इंग्रजीसाठी बनलेला टेम्प्लेट घेऊन मराठी नाव एकेक अक्षर उडवत आणायचं. मग ‘दिग्दर्शक’ची वेलांटी ‘द’च्या आधी येऊन एकटीच ताटकळते, रफार हवेत, शिरोरेषेचे तुकडे. आणि करणारा म्हणतो, ‘सर, ग्लिच इफेक्ट आहे.’ अरे, ग्लिच नाही, ती शुद्धलेखनाची चूक आहे! इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, आपली रेघेला टांगलेली असतात. मी नाव आधी शेपमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी चित्राच्या आकारात, बदलून घेतो आणि हाताने तोडतो: दि, ग्द, र्श, क. शिरोरेषा वेगळ्या लेयरवर. आधी रेघ सपकन ओढायची, मग अक्षरं तिला लटकवायची. वेळ लागतो. लागू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रत्येक नावाला ‘हूश’ असा आवाज नको, चौथ्या नावापासून कान ऐकणं सोडतात. नाव मनात दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर टिकलं पाहिजे, तुम्हाला ते पाठ असतं, प्रेक्षकाला नसतं. सेकंदाला २४ फ्रेमची टायटल्स २५च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम टाकलीत तर दीड मिनिटात ३.६ सेकंद गायब, आणि गाणं आहे तेवढंच. ठोका लॅपटॉपच्या स्पीकरवर तपासू नका, त्यात हलगीची कडकड ऐकू येते, खालचा ढोल येतच नाही.

आणि नावांची यादी व्हॉट्सॲपवरून उचलू नका, निर्मितीच्या माणसाकडून सहीचा कागद घ्या. एका ऱ्हस्व-दीर्घासाठी रात्री दीड वाजता काच पुन्हा फोडलेली आहे.