घड्याळ मागे पडतंय? क्रिस्टलला दोष देण्याआधी हे तपासा

आरटीसीचा (वेळ राखणाऱ्या घड्याळ-चिपचा) प्रोजेक्ट रोज चार सेकंद चुकला की नवखे विद्यार्थी आधी क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) बदलतात. त्यापेक्षा आधी चूक पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मांडा. दिवसाच्या 86,400 सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे 11.6 पीपीएम, म्हणजे चार सेकंदांची झाली 46. साध्या 32.768 किलोहर्ट्झ क्रिस्टलवर बहुतेक वेळा ±20 पीपीएम लिहिलेलं असतं. उरलेली चूक कुठून आली, ते सर्किटमध्ये शोधायचं.

सर्वाधिक वेळा दोष निघतो लोड कपॅसिटन्सचा, म्हणजे क्रिस्टलला सर्किटकडून मिळणाऱ्या कपॅसिटन्सचा. क्रिस्टलवर लिहिलेली फ्रिक्वेन्सी ठरावीक लोडलाच मिळते. लोड वाढला की ती उतरते, कमी झाला की चढते. आरटीसी चिपपैकी डीएस1307 ला 12.5 पिकोफॅरडचा क्रिस्टल लागतो, डीएस1302 ला 6 चा. दिसायला दोन्ही क्रिस्टल सारखेच असल्यामुळे इथे हमखास गल्लत होते. 6 च्या चिपला 12.5 चा क्रिस्टल लावला, तर घड्याळ महिन्याला तीन-चार मिनिटं पुढे पळतं. या दोन्ही चिपमध्ये लोड कपॅसिटर आतच असतात, त्यामुळे बाहेरून आणखी लावू नका.

मायक्रोकंट्रोलरच्या 16 मेगाहर्ट्झ क्रिस्टलला मात्र दोन कपॅसिटर बाहेरून लागतात. दोन्ही सारखे असतील, तर लोड म्हणजे एकाची निम्मी किंमत अधिक पिन आणि ट्रॅकचा स्ट्रे (आपोआप येणारा कपॅसिटन्स). हा स्ट्रे साधारण 3 ते 5 पिकोफॅरड धरतात. क्रिस्टल 18 चा आणि स्ट्रे 4 चा असेल, तर हिशोबाने प्रत्येकी 28 येतात, म्हणून 27 लावायचे. सवयीने 22 लावले की लोड 15 वरच राहतो. अशा क्रिस्टलमध्ये एका पिकोफॅरडमागे 10 पीपीएमच्या आसपास फरक पडू शकतो, म्हणजे चूक तिथेच 30 वर गेली. कपॅसिटर एनपी0 प्रकारचेच घ्या. एक्स7आर तापमानाबरोबर बदलतात.

आता तापमान. ट्यूनिंग फोर्क क्रिस्टलची (वरचा 32.768 किलोहर्ट्झचा, आत दुशाखी काटा असलेला) फ्रिक्वेन्सी 25 अंशांच्या आसपास सर्वात जास्त असते. त्यापासून वर जा की खाली, ती उतरतेच, आणि उतरते ती फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात: सुमारे 0.035 पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड 50 अंशांवर गेला, तर 25 चा वर्ग 625, म्हणजे 22 पीपीएम, दिवसाला जवळपास दोन सेकंद मागे. यावर कपॅसिटर बदलून इलाज नाही. तापमान भरपाई असलेली डीएस3231 घ्या. 0 ते 40 अंशांत तिची चूक ±2 पीपीएमच्या आत राहते. घड्याळ किती चुकतं त्याचा आलेख तापमानाच्या आलेखाशेजारी ठेवला की हे कारण लगेच ओळखू येतं, म्हणून दोन्हींची नोंद ठेवाच.

पावसाळ्यात चूक अचानक उड्या मारू लागली, किंवा ऑसिलेटर कधी सुरू होतो, कधी नाही, तर फ्लक्सवर (सोल्डरिंगला वापरलेल्या चिकट रसायनावर) संशय घ्या. क्रिस्टलच्या पायांमध्ये राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि विजेची गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसा. अल्ट्रासॉनिक टाकीत ट्यूनिंग फोर्क क्रिस्टल घालू नका, आतला दुशाखी काटा तुटू शकतो. या क्रिस्टलला ड्राइव्हही (सर्किटकडून मिळणारी शक्ती) जपून द्यावा लागतो. बऱ्याचदा कमाल मर्यादा फक्त 1 मायक्रोवॉट असते. ती ओलांडली तर फ्रिक्वेन्सी सरकते, कधी क्रिस्टल कायमचा बिघडतो.

मोजमाप करताना क्रिस्टलच्या पायाला प्रोब लावू नका. 10एक्स प्रोबही 10 ते 15 पिकोफॅरड वाढवतो, म्हणजे तुम्ही प्रोबसकटचं सर्किट मोजत असता. एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलरमध्ये क्लॉक आउटपुटचा फ्यूज (चिपमधलं सेटिंग) चालू करून ती पिन मोजा. डीएस1307 ला त्यासाठी एसक्यूडब्ल्यू (चौकोनी लहर देणारी) पिन आहे. आणि फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर स्वतः किती अचूक आहे, ते आधी पाहा. स्वस्त काउंटरच्या आतही साधाच क्रिस्टल असतो. जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक पल्स हा विद्यार्थ्याला परवडणारा सर्वात भरवशाचा संदर्भ आहे. सोल्डरिंगनंतर लगेच मोजू नका, एक दिवस जाऊ द्या. क्रिस्टल जुना होतानाचं फ्रिक्वेन्सीचं सरकणं पहिल्या वर्षी सर्वाधिक, काही पीपीएमचं असतं. लोड आणि तापमान मार्गी लागल्यावरच त्याकडे वळा.